नरक्या, हिरडा आणि जांभळा रंग

‘अमुक झाडाच्या सालीनं कॅन्सरच्या पेशी मेल्या’ अशी बातमी दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. तिच्यामागे बहुतेक वेळा एकच चाचणी असते, आणि ती साताऱ्या-कराडच्या कॉलेजातही करता येण्याजोगी असते.

साल सावलीत वाळवून दळायची. मिथेनॉलमध्ये तिचा अर्क काढायचा, द्रावक उडवायचं. मागे उरतो तो चिकट गोळा डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचा. 96 खळग्यांच्या तळहाताएवढ्या प्लेटमध्ये हेला किंवा एमसीएफ-7 जातीच्या कर्कपेशी वाढवायच्या; पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून त्या मिळतात. अर्क घालून दोन दिवस थांबायचं आणि मग एमटीटी हे पिवळं रसायन टाकायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळा रंग फिका, म्हणजे पेशी मेल्या.

खरी गंमत इथेच आहे. महाबळेश्वरकडच्या हिरड्यासारख्या झाडांचे अर्क अँटिऑक्सिडंटनी भरलेले असतात, आणि असे अर्क एकही पेशी नसताना एमटीटीला जांभळं करू शकतात. मेलेल्या पेशी मग जिवंत भासतात! म्हणून काही खळग्यांत पेशींशिवाय नुसता अर्क हवा आणि काहींत पेशींवर नुसतं डीएमएसओ, कारण जास्त झालं तर तेही पेशींना मारतं. निरोगी पेशींवरही तोच अर्क तपासायला हवा. कर्कपेशी तर फिनाइलनंही मरतात. शोधनिबंध हाती आला की मी आधी हे तीन रकाने शोधतो.

यातून पार झालेलं उदाहरण आपल्याच डोंगरात आहे. कोयनेच्या जंगलातल्या, फुलांना घाण वास येणाऱ्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्कपेशी मारणारं रसायन असतं. 1966 मध्ये ते एका चिनी झाडातून पहिल्यांदा वेगळं केलं मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारच्या मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी. नरक्यातही ते असल्याचं 1972 मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. पेशी विभागताना डीएनएला पडणारा पीळ सोडवण्यासाठी एक एन्झाइम त्याचा धागा कापतं आणि पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन त्याला सांधूच देत नाही. सतत विभागणाऱ्या पेशींना हा घाव सर्वाधिक बसतो. पण अस्थिमज्जा आणि आतड्याचं अस्तरही सतत विभागतच असतं.

रुग्णांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं आणि 1970च्या दशकात त्या थांबल्या. रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही कॅन्सरवरची औषधं अमेरिकेत मंजूर व्हायला 1996 साल उजाडलं. म्हणून नरक्याची साल घरी उकळून पिण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याला सरळ वाटेला लावा.

झाडाचे हाल वेगळेच. खोड-मुळांसाठी ते चोरून तोडलं जातं. 2005 मध्ये नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतून हेच रसायन मिळाल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा कुऱ्हाड थांबेल असं वाटलं होतं. पण अशा बुरशा प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवल्या की त्यांच्यातलं कॅम्प्टोथेसिन घटत जातं.