एका ग्रॅम वाफेचा हिशेब

मुठीएवढी पांढरी डबी, तिला लांबलचक दोरा आणि टोकाला चिंध्या झालेलं रबर. शिवारात असं काही सापडलं की तासाभरात त्याचा फोटो खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या ग्रुपवर फिरतो. खालचा मजकूरही ठरलेला असतो. कुणाला ते हेरगिरीचं यंत्र वाटतं, कुणाला कृत्रिम पावसाचं, तर कुणाला चक्क 'ढग पळवायचं'.

ते असतं रेडिओसोंड. ढग पळवणं सोडाच, ते ढगाला धक्काही लावत नाही. ढगातून वर जाताना दाब, तापमान आणि आर्द्रता मोजतं, जीपीएसवरून आपली जागा कळवत राहतं, आणि त्या सरकत्या जागेवरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढता येते. जगभरात ते फुग्याला बांधून सोडणारी आठशेच्या वर ठिकाणं आहेत. नेमलेल्या वेळा सगळीकडे एकच, म्हणजे आपल्या घड्याळात पहाटेचे साडेपाच आणि संध्याकाळचे साडेपाच. फुगा त्याआधी अर्धा-पाऊण तास सोडतात. बेळगावला सगळ्यात जवळचं ठिकाण पणजीचं. घाट धरून गेलं तर लांब, पण सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास.

रचना साधी असते. वर हायड्रोजन किंवा हेलियम भरलेला रबरी फुगा, त्याखाली छोटं पॅराशूट, मग तीसेक मीटर दोरा आणि शेवटी डबी. दोरा एवढा लांब ठेवायला कारण आहे. दिवसा उन्हानं फुगा तापतो आणि त्याच्या मागून गरम हवेची शेपटी खाली येते. डबी जवळ असली तर ती हवेचं नव्हे, फुग्याचं तापमान मोजेल. गॅसही मापून भरावा लागतो. मिनिटाला ३०० मीटर चढेल एवढाच. कमी भरला तर फुगा रेंगाळतो आणि दूर वाहून जातो, जास्त भरला तर लवकर फुटतो. सगळं नीट झालं तर २५ ते ३५ किलोमीटरवर, बाहेरचा दाब कमी होऊन फुगत फुगत, तो फुटतो.

पणजीहून जुलैत सोडलेला फुगा मात्र बेळगावकडे येता येता परत फिरतो. खालचे पाच-सहा किलोमीटर वारा पश्चिमेचा. सेकंदाला सरासरी १० मीटर धरला तर वीस मिनिटांत फुगा बारा किलोमीटर घाटाच्या दिशेनं येतो. त्याच्यावर वारा उलटतो. १४ ते १६ किलोमीटरवर पूर्वेकडून येणारा जोरदार झोत असतो, सेकंदाला ३० ते ४० मीटरचा. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये तो जगापुढे मांडला. या झोतात सापडलेली डबी पावसाळ्यात बहुतेक वेळा समुद्रातच जाते. हिवाळ्या-उन्हाळ्यात वरचे वारे पश्चिमेचे झाले की ती आपल्या बाजूला उतरू शकते. सापडली तर घाबरू नका. आतली बॅटरी जाळायची नाही, आणि रबराचे तुकडे गुरांच्या तोंडी लागू द्यायचे नाहीत, एवढं पुरे.

तापमान आणि दाब मोजणं त्या मानानं सोपं. खरी गोम बाष्पाची आहे, आणि पावसाचा सगळा खेळ तिथेच आहे.

एक ग्रॅम बाष्पाचं पाणी झालं की सुमारे २५०० ज्यूल उष्णता बाहेर पडते. एक किलो हवा एक अंशानं तापवायला साधारण १००० ज्यूल लागतात. म्हणजे किलोभर हवेत एक ग्रॅम बाष्प जास्त असेल, तर त्या सगळ्याचं पाणी होईपर्यंत ती हवा अडीच अंशांनी जास्त गरम होते. अडीच अंश कमी वाटतील. पण भोवतालच्या हवेपेक्षा एक-दोन अंश गरम असलेली हवासुद्धा बुचासारखी वर उसळते. वळवाच्या ढगाचं इंजिन चालतं ते एवढ्याशा फरकावर.

मे महिन्यातली बेळगावची एक दुपार घ्या. तापमान ३६ अंश, दवबिंदू २०. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवा थंड केली की दव धरायला लागतं ते. या दोन आकड्यांतला फरक १२५ नं गुणला की ढगाचा तळ जमिनीपासून किती मीटरवर असेल ते कळतं. १६ गुणिले १२५, म्हणजे २००० मीटर. तोवर हवा कोरडी चढते आणि दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंश गमावते. तळ गाठला की बाष्पाचं पाणी होऊ लागतं, उष्णता सुटते आणि थंड होण्याचा वेग पाच-सहा अंशांवर येतो. भोवतालची हवा त्याहून भराभर थंड होत असेल तर आपली हवा तिच्यापेक्षा गरम राहते आणि वर जातच राहते.

या चढाईत मिळणारी एकूण ऊर्जा किलोमागे ज्यूलमध्ये मोजतात. ती २००० भरली तर कागदावर हवेचा ऊर्ध्व वेग सेकंदाला ६३ मीटर येतो. प्रत्यक्षात निम्माही मिळत नाही, कारण बाजूची कोरडी हवा आत घुसते आणि तयार झालेल्या पाण्याचं ओझं असतंच. तरीही गारा तोलून धरायला आणि विजा पाडायला तो पुरतो.

आता त्याच दुपारी दवबिंदू एकच अंश कमी मोजला गेला असं समजा. बेळगावच्या उंचीवर तो एक अंश म्हणजे किलोमागे जवळजवळ एक ग्रॅम बाष्प. चढणारी हवा दहा किलोमीटर जाडीत सरासरी दीड अंश कमी गरम दिसेल. ९.८ गुणिले १.५, भागिले २५० (वरच्या हवेचं केल्विनमधलं सरासरी तापमान), गुणिले १०,००० मीटर. उत्तर ५८८ ज्यूल. म्हणजे एका अंशाच्या चुकीनं २००० चे १४०० झाले. वादळी दुपार कागदावर मवाळ झाली!

असं खरोखर घडलं आहे, आणि तेही मोठ्या मोहिमेत. नोव्हेंबर १९९२ ते फेब्रुवारी १९९३ या काळात पश्चिम प्रशांत महासागराच्या उबदार पट्ट्यावर 'टोगा कोअर' नावाची आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. बेटांवरून आणि जहाजांवरून फुग्यांमागून फुगे सोडले गेले. नंतर आकडे ताडून पाहिले तेव्हा गडबड दिसली. पाण्यालगत जहाजावरची उपकरणं जेवढी दमट हवा दाखवत होती, त्याहून डब्यांतली हवा कोरडी होती.

कारण हवेत नव्हतं, पाकिटात होतं. आर्द्रता मोजायला डबीत एक इवलासा कपॅसिटर असतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा. हवेतलं बाष्प त्यात शिरतं आणि विद्युतधारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, वाढते, कारण या गुणात पाणी प्लास्टिकच्या कितीतरी पट पुढे आहे. पण डबी महिनोन्महिने वेष्टणात पडून राहिली, तर त्या वेष्टणातून सुटणारी रसायनं पापुद्र्यातल्या जागा आधीच बळकावतात आणि बाष्पाला जागा उरत नाही. डबी जितकी जुनी, तितकी चूक मोठी. शेवटी डब्यांचं वय पाहून जुने आकडे दुरुस्त करावे लागले. पुढे उड्डाणाआधी सेन्सर तापवून ती रसायनं हाकलायची सोय आली.

बाकीच्या चुकाही आहेत. दिवसा ऊन लागून सेन्सर तापतो आणि हवा आहे त्याहून कोरडी दाखवतो. गार खोलीतून डबी थेट बाहेर आणून सोडली तर पहिल्या शे-दोनशे मीटरचे आकडे बिनभरवशाचे. सगळ्यात फसवी चूक ढगातून बाहेर पडताना होते. भिजलेला तापमापक कोरड्या हवेत आला की माठासारखा गार पडतो, आणि आलेखावर तापमान एकदम कोसळल्यासारखं दिसतं. नवख्याला तो वातावरणाचा चमत्कार वाटतो.

आषाढाचा हिशेब वेगळा. बेळगावला तापमान २४, दवबिंदू २२. दोन गुणिले १२५, म्हणजे ढगाचा तळ अवघ्या २५० मीटरवर. घाटातल्या जांबोटी-कणकुंबीकडे आपण ज्याला धुकं म्हणतो ते पुष्कळदा ढगाचं पोटच असतं. हवा आधीच ढगांनी झाकलेली आणि थंड, त्यामुळे उसळीची ऊर्जा कमी. ढग घाटावर ढकलला जातो, फार उंच जात नाही, आणि त्यातले बरेच थेंब साडेपाच किलोमीटरवरच्या गोठणरेषेच्या खालीच एकमेकांत मिसळून मोठे होतात. बर्फाची घासाघीस नाही म्हणून वीजही क्वचित. धूळवाफ पेरणीला ओल देणारा वळीव गडगडत येतो आणि लावणीचा पाऊस मुकाट्यानं आठ-आठ दिवस पडतो, त्याचं कारण हे.

पण मग एवढं पाणी येतं कुठून? जुलैत पणजीवरच्या हवेतलं सगळं बाष्प, जमिनीपासून वरपर्यंत, पिळून काढलं तरी साठ-पासष्ट मिलिमीटरच भरतं. कणकुंबीत कधी एका दिवसात याच्या तिप्पट पडतं. उत्तर वाऱ्यात आहे. हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वळून येणारा खालचा झोत समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटरवर सगळ्यात जोरात असतो. बेळगाव स्वतःच साडेसातशे मीटरवर आहे. म्हणजे हा झोत आपल्या डोक्यावरून जेमतेम पाऊण किलोमीटरवर वाहतो. पाणी टाकीत साठवलेलं नसतं, नळ चालू असतो.

त्या नळाला झाकणही आहे. १९६३-६४ मध्ये हिंदी महासागराच्या मोहिमेत विमानांतून खाली सोडलेल्या सोंडांनी, म्हणजे रेडिओसोंडसारख्याच डब्यांनी, ते दाखवलं. पश्चिम अरबी समुद्रावर दमट थर एक-दीड किलोमीटरच जाड असतो आणि त्याच्यावर वाळवंटातून आलेली गरम, कोरडी हवा बसलेली असते. आपल्या किनाऱ्याकडे येताना हे झाकण विरतं आणि ओल पाच-सहा किलोमीटरपर्यंत चढते. कोरडी हवा पूर्वेकडे सरकली की घाटातला पाऊस ओसरतो. अडचण एवढीच की मोजायला जमीन नाही. भर समुद्रात लक्षद्वीपची दोन बेटं, अमिनी आणि मिनिकॉय. बाकी जहाजं किंवा उपग्रह. उपग्रहाचा अवरक्त साउंडर, म्हणजे वरून हवेचे थर मोजणारं यंत्र, मात्र दाट ढगाखाली आंधळा होतो, म्हणजे नेमक्या हव्या त्या दिवशी.

पंचांगातल्या वाहनांची इथेच पंचाईत होते. मृगाचं वाहन म्हैस असो की बेडूक, कणकुंबीला आणि अथणीला ते एकच. एकाच जिल्ह्यातल्या या दोन गावांच्या पावसात कितीतरी पटींचा फरक आहे; म्हशीनं तरी नेमकं कुणाचं ऐकायचं? 'अचूक अंदाज' विकणारी ॲपंही थोड्याफार फरकानं त्याच गोठ्यातली.

त्यापेक्षा पणजीचा आलेख स्वतः पाहावा. अमेरिकेतलं वायोमिंग विद्यापीठ जगभरच्या सोंडांचे आकडे फुकट दाखवतं. आलेखात दोन जाड रेषा असतात, उजवी तापमानाची आणि डावी दवबिंदूची. ८५० ते ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या पट्ट्यात, म्हणजे दीड ते सहा किलोमीटरच्या दरम्यान, त्या एकमेकींना चिकटून असतील आणि खाली पश्चिमेचा वारा जोराचा असेल, तर चोर्ला घाटाचा रस्ता त्या दिवशी टाळलेला बरा. ७०० च्या आसपास डावी रेषा एकदम दूर पळाली असेल तर तिथे कोरडी हवा घुसली आहे. आणि एखाद्या दिवशी रेषा ४०० लाच संपल्या, तर वर वातावरण संपलं असं समजू नका. फुगा लवकर फुटला.