जिनिव्हाला तक्रार पाठवण्याआधी

वस्ती पाडली, कोठडीत मारहाण झाली, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीचं पाणी तोडलं, की कुणीतरी सल्ला देतं, ‘थेट संयुक्त राष्ट्रांकडे जा.’ मग मानवाधिकार समितीचा (नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा) तक्रारीचा नमुना भरून जिनिव्हाला जातो आणि दाखलच होत नाही. भारताने नागरी व राजकीय हक्कांचा करार १९७९ साली स्वीकारला, महिलांविषयीचा १९९३ मध्ये, अपंगांच्या हक्कांचा २००७ मध्ये. पण एकट्या माणसाची तक्रार ऐकण्याची सोय वेगळ्या पूरक तरतुदींत असते, आणि त्यातली एकही भारताने मान्य केलेली नाही. तुमचं प्रकरण कितीही खरं असलं तरी या करारांवर देखरेख ठेवणाऱ्या समित्यांना ते घेता येत नाही.

भारतातल्या माणसाला खुली वाट आहे ती विशेष प्रतिवेदकांची. हे संयुक्त राष्ट्रांचे स्वतंत्र तज्ज्ञ; घर, अल्पसंख्याक, अपंगत्व, आधुनिक गुलामगिरी अशा एकेका विषयावर ते नेमलेले असतात. कुष्ठरोगामुळे होणाऱ्या भेदभावासाठी २०१७ पासून स्वतंत्र प्रतिवेदक आहे. बेकायदा अटकेसाठी मनमानी स्थानबद्धतेचा कार्यगट आहे. इथे भारतातली कोर्टं आधी संपवावी लागत नाहीत. अर्ज ऑनलाइन, फी नाही, आणि एकाच अर्जात अनेक प्रतिवेदक निवडता येतात.

अडतं ते संमतीपाशी. तक्रार पाठवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, पण पीडिताचं नाव सरकारला जाणाऱ्या पत्रात सहसा असतं आणि ते पत्र पुढे सार्वजनिक होतं. म्हणून पीडिताची किंवा कुटुंबाची संमती आहे का, नाव सरकारला कळवायचं का, जाहीर अहवालात छापायचं का, हे वेगवेगळं विचारलेलं असतं. उत्साही कार्यकर्ते सगळीकडे ‘हो’वर खूण करून मोकळे होतात. असं करू नका. वस्तीतल्या बाईला आधी तिच्या भाषेत समजावून सांगा, मगच सही घ्या. उद्या पोलीस तिच्या दारात येतील, तुमच्या नाही.

दुसरी अडचण मजकुराची. कोणावर, कोणी, कधी, कुठे, काय केलं हे इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये लिहा. नुसती वर्तमानपत्राची कात्रणं पुरत नाहीत, आणि राजकीय शेरेबाजी असेल तर अर्ज तिथेच बाजूला पडतो. सरकारला उत्तराला साधारण ६० दिवस मिळतात. जीवाला धोका असेल तर तातडीचं आवाहन लवकर जातं. प्रतिवेदकाचं पत्र म्हणजे निकाल नव्हे. नुकसानभरपाई त्यातून मिळत नाही, आणि पत्र लिहायचं की नाही हेही तेच ठरवतात.

त्या पत्राची वाट बघताना इथली मुदत घालवू नका. राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोग घटनेपासून एक वर्ष उलटल्यावर चौकशी करू शकत नाही. हे वर्ष घटनेच्या तारखेपासून मोजतात. पोलीस ठाण्याने अर्जाला उत्तर कधी दिलं, याच्याशी त्याचा संबंध नाही. ही तारीख चुकीची मोजल्याने चांगली प्रकरणं वाया जातात. आयोगाला मराठीत लिहिलेलं चालतं, पीडिताच्या वतीने दुसऱ्या कुणी लिहिलेलंही चालतं. निनावी तक्रार, कोर्टात चालू असलेलं प्रकरण, नोकरीतला वाद किंवा ज्यात सरकारी माणसाचा संबंधच नाही अशी तक्रार सहसा फेटाळली जाते. सरकारी माणसाने स्वतः केलं नसेल पण रोखण्यात हयगय केली असेल, तर तसं स्पष्ट लिहा. आणि ‘जोर येतो’ म्हणून दोन्ही आयोगांना एकच अर्ज धाडू नका: राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणाची चौकशी राष्ट्रीय आयोगाला करता येत नाही.