आजी आजारी नसली तरी चालेल!

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए (डॉक्टरांच्या टीममध्ये राहून रुग्ण तपासणारे, औषध लिहून देणारे), व्हायला निघालेल्यांना एक सल्ला हमखास मिळतो: प्रवेश अर्जातल्या निबंधाची सुरुवात सायरनने नाहीतर आजीच्या आयसीयूने करा, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.

तसं काही नाही. 'कॅस्पा' या पीए कॉलेजांच्या सामायिक अर्जातला प्रश्न सरळ आहे: तुम्हाला पीए का व्हायचंय? उत्तराला जागा ५,००० कॅरेक्टर्सची, स्पेस धरून. त्यातली दीड हजार आजीवर गेली, की उरलेल्यात 'पीएच का, डॉक्टर किंवा नर्स का नाही' हे कोंबावं लागतं. खरं तर तोच निबंधाचा गाभा.

१९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पीएंची पहिली तुकडी घेतली, ती नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चौघांची. आजही पुष्कळशा संस्था प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास बघतात. मग लिहा तिथलंच काहीतरी. समजा, तुम्ही बीपी घेताय आणि आजोबा हळूच म्हणतात, "गोळी एक दिवसाआड घेतो, परवडत नाही." तुम्ही पीएला सांगता. ती खुर्ची ओढून बसते, स्वस्त गोळी लिहून देते, महिन्याने परत बोलावते. इथे कोणी मरत नाही, पण पीएचं काम दिसतं.

आजी खरोखरच कारण असेल तर लिहा की, दोन ओळींत.

आणि हो, हाच निबंध सगळ्या कॉलेजांना जातो. त्यात एकाच कॉलेजचं नाव घेऊन कौतुक करू नका. अर्ज पाठवल्यावर तो बदलता येत नाही.