चारशे किलोमीटरच्या उड्डाणाचं गणित

दोन लहान विमानतळांमधलं अंतर ४०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर. भागाकार केला तर ४८ मिनिटं होतात. वेळापत्रकात मात्र अशा उड्डाणासाठी बहुधा तासाहून जास्त वेळ दिलेला असतो.

अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढतात, तेही गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेनं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण ६० अंश अक्षांशावर जवळपास निम्मा. दोन्ही अंश सारखे धरले की हिशेब फसतो. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्यानं पडणारा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे इथे फार तर दोन किलोमीटर. तो खुशाल सोडून द्यावा.

खरी मेख उंचीत आहे. विमान साधारण ३ अंशांच्या उतारानं खाली येतं. वैमानिकांचा तोंडी हिशेब असा: दर १,००० फुटांना ३ नॉटिकल मैल, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. एटीआर-७२ सारखं पंख्याचं विमान १८,००० फुटांवर असेल, तर त्याला शंभर किलोमीटर आधीच उतरू लागावं लागतं. ३५,००० फुटांवरच्या जेटला तब्बल १९५ किलोमीटर आधी! वर चढण्यातही बरंच अंतर जातं. म्हणजे या मार्गावर जेट पूर्ण उंची गाठतं न गाठतं तोच उतरायची वेळ होते. म्हणून ते खालच्या दाट हवेतच राहतं आणि जास्त इंधन जाळतं. त्यातच अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची वेगमर्यादा असते. ताशी ८०० किलोमीटरचं जेट कागदावर १८ मिनिटं वाचवतं, पण प्रत्यक्षात त्यातली थोडीच हाती लागतात. पंख्याच्या विमानांना जुनाट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

वेळापत्रकातली वेळ ‘ब्लॉक टाइम’ असते: विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे उभं राहीपर्यंत. धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवास आणि रांगेतलं थांबणं त्यातच आलं. उड्डाण आणि अवतरण शक्यतो वाऱ्याला सामोरं जाऊन करतात. त्यामुळे कधी विमानतळ ओलांडून पुढे जायचं, वळायचं आणि उलट्या दिशेनं उतरायचं, असा वळसा पडतो. ही मिनिटं अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाहीत. लांबच्या प्रवासात ती जाणवत नाहीत, जवळच्या प्रवासात डोळ्यांत भरतात. अगदी टोकाचा अपवाद म्हणजे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे २.७ किलोमीटरचं उड्डाण. तिथे चिमुकलं विमान जेमतेम उंची घेतं आणि दोनेक मिनिटांत उतरतं.

राहिला वारा. जाताना अडवतो, येताना ढकलतो, म्हणजे फिट्टंफाट, असं सहज वाटतं. पण तसं होत नाही. ताशी ५०० किलोमीटरच्या विमानाला ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून लागला, तर जमिनीवरून मोजलेला वेग ४०० राहतो आणि ४०० किलोमीटरना पूर्ण तास लागतो. परतताना वेग ६०० होतो आणि ४० मिनिटं पुरतात. एकूण १०० मिनिटं; वारा नसता तर ९६. विमान विरुद्ध वाऱ्यात जास्त वेळ राहतं आणि पाठीमागच्या वाऱ्यात कमी, म्हणून ही चार मिनिटं परत मिळत नाहीत.