संग्रहालयाचं दप्तर आणि ते सांभाळणारं सॉफ्टवेअर

कलेक्शन मॅनेजमेंट सॉफ्टवेअर म्हणजे संग्रहालयात काय काय आहे, ते कुणाकडून आलं, आत्ता कुठल्या कपाटात आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे याची नोंद ठेवणारा प्रोग्राम. दाखल रजिस्टर, कार्डांचा कॅटलॉग आणि स्टोअर सांभाळणाऱ्या जुन्या माणसाच्या डोक्यातली यादी, हे तिन्ही एका डेटाबेसमध्ये आणायचं, एवढंच खरं तर. मूर्ती, अडकित्ते, तलवारी यांच्यासाठी ते बरं चालतं, पण पंचाईत होते ती कागदांची. पत्रं, जमाखर्चाच्या वह्या, नकाशे, फोटो, संस्थेचा स्वतःचा जुना पत्रव्यवहार, या सगळ्याला आर्काइव्हल कलेक्शन म्हणतात आणि पुण्यात नुसतं दप्तर म्हटलं तरी कळतं.

पुण्यात कागद किती आहेत ते बघा. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० साली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सुरू केलेलं. १९१७ ची भांडारकर संस्था, जिथल्या ऋग्वेदाच्या हस्तलिखितांना २००७ मध्ये युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड या जागतिक दस्तऐवजांच्या यादीत जागा मिळाली. डेक्कन कॉलेजात मराठा इतिहासाचं संग्रहालय, त्यात इतिहास संशोधक द. ब. पारसनीसांचा साताऱ्याहून आलेला संग्रह. आणि सरकारी पुराभिलेखागार म्हणजे आपलं पेशवे दप्तर, ज्यातून इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३० ते ३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तरी ते निवडकच. बाजीराव रोडच्या केळकर संग्रहालयात वस्तू २० हजारांच्या वर आणि मांडलेल्या साधारण अडीच हजार. म्हणजे बाकीचं सगळं आत. आत ठेवलेली वस्तू पाहुण्याला दिसत नाही, अभ्यासकाला दिसते ती तिची नोंद, आणि नोंद चुकली की वस्तू असून नसल्यासारखीच.

आता मूळ मुद्दा. संग्रहालयवाला एकेक वस्तू मोजतो, दप्तरवाला एकेक वस्तू मोजत नाही आणि मोजूही नये. दप्तर असतं रुमालात. चौकोनी कापडात कागद बांधून गाठ मारायची तो रुमाल, त्यात पुडकी, पुडक्यात सुटे कागद. एखाद्या घराण्याच्या रुमालात लग्नाच्या खर्चाची यादी, तिच्याखाली सावकाराची पावती आणि तिच्याखाली जमीन गहाण टाकल्याचा कागद असेल, तर तिन्ही मिळून एक गोष्ट सांगतात. कुणी हौशी माणसाने ते सुटे करून पावत्या एका फायलीत आणि गहाणखतं दुसऱ्या फायलीत लावली की गोष्ट संपली. म्हणून आर्काइव्हचा जगभरचा नियम असा की कागद ज्याच्याकडून आला त्याच्याच नावाखाली राहू द्यायचा आणि त्याने लावलेला क्रम शक्यतो मोडायचा नाही. नोंद वरून खाली जाते: आधी अख्खा संग्रह, मग त्यातली मालिका, मग फाईल किंवा पुडकं, आणि वेळ, माणसं, पैसे असतील तरच एकेक कागद. यासाठी इसाड-जी नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात २६ रकाने आहेत पण सहाच सक्तीचे: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, तारीख, आकारमान आणि ही नोंद कुठल्या पातळीची आहे ते. सहाच! आपल्याकडे पहिल्याच मीटिंगमध्ये ६० रकान्यांचा फॉर्म तयार होतो आणि मग तीन वर्षांत दोन रुमालसुद्धा भरून होत नाहीत.

त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की याला झाड कळतं का, म्हणजे नोंदीखाली नोंद आणि तिच्याखाली नोंद बसते का, की नुसती सपाट यादी आहे. अ‍ॅटॉम हे फुकट, ओपन सोर्स, आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेच्या पाठबळावर सुरू झालेलं, त्याचा सगळा जीवच या झाडात आहे, पण प्रदर्शनाला दिलेली ढाल परत आली का असली विचारपूस त्याचं काम नाही. कलेक्टिव्हअ‍ॅक्सेस हेही ओपन सोर्स, त्यात वस्तू आणि कागद दोन्ही बसवता येतात, आतल्या कामाचा भाग वेगळा आणि लोकांना दाखवायचा भाग वेगळा, मात्र बसवून द्यायला जरा जाणता माणूस लागतो, हे लिहून घ्या. पास्टपरफेक्ट हे अमेरिकेतल्या छोट्या संग्रहालयांचं लाडकं, त्यात वस्तू, फोटो, कागद आणि पुस्तकं असे चार कप्पे आधीच पाडलेले. आणि पुणेकरांनी कॉलर ताठ करावी असं म्हणजे जतन, आपल्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने इथेच बनवलेलं, राष्ट्रीय संग्रहालयांच्या नोंदी त्याच्यावर झाल्या आणि म्युझियम्स ऑफ इंडिया या पोर्टलवर त्या कुणालाही बघता येतात. लायब्ररीचं सॉफ्टवेअर आहेच की, त्यातच टाकू, असं कुणीतरी म्हणतंच. नका टाकू. पुस्तकाला लेखक आणि प्रकाशक असतो, रुमालाला नसतो.

पुण्याच्या दप्तराची खरी परीक्षा तारखेच्या रकान्यात होते. बाहेरच्या सॉफ्टवेअरला दिवस-महिना-वर्ष पाहिजे असतं. आपला कागद म्हणतो, छ ७ रजब, सन इहिदे समानीन मया व अलफ. छ म्हणजे चंद्र, रजब या हिजरी महिन्याचा सातवा चंद्र. पुढचे अरबी शब्द म्हणजे आकडे: एक, ऐंशी, शंभर आणि हजार, बेरीज ११८१. हे सुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली कालगणना, इसवी सन काढायला यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण वर्ष मृगाला बदलतं. रजब त्या वर्षी जुलैत पडतो म्हणून ५९९, म्हणजे १७८० चा जुलै, शके १७०२, शार्वरी संवत्सर. आता एवढं केल्यावर रकान्यात नुसतं इसवी सन टाकून मूळ मजकूर सोडून दिला तर उद्या कुणाला पडताळता येणार नाही. म्हणून दोन रकाने ठेवायचे, एकात कागदावर आहे ते जसंच्या तसं, दुसऱ्यात काढलेली तारीख, आणि शंका असेल तर 'या वर्षापासून त्या वर्षापर्यंत' असं लिहायची सोय. ज्या कागदावर नुसतीच तिथी आहे आणि साल नाही, आणि असे ढीगभर असतात, तिथे ही सोय नसेल तर माणूस काहीतरी ठोकून देतो.

मग नावं. बाळाजी म्हणजे कोण? बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव की बाळाजी जनार्दन? बाळाजी बाजीराव म्हणजे नानासाहेब आणि बाळाजी जनार्दन म्हणजे नाना फडणवीस, म्हणजे नानाही दोन झाले. फडणवीस कुणी फडणीस लिहितं. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये माणसाची एक वेगळी नोंद असते, सगळी नावं तिला जोडायची आणि प्रत्येक कागद त्या नोंदीला जोडायचा, म्हणजे शोधणाऱ्याने काहीही टाईप केलं तरी माणूस सापडतो. यावर घालवलेला वेळ वाया जात नाही, हे अनुभवाने सांगतो.

लिपीचा त्रास वेगळाच. मोडी लिपी युनिकोडमध्ये आली २०१४ साली, पण नोंदी बाळबोध म्हणजे देवनागरीमध्येच करतात आणि तेच सोयीचं. मात्र बाळबोधमध्येही भुतं आहेत. कऱ्हाड हा शब्द दोन पद्धतींनी टाईप होतो, एक नुक्त्याच्या ऱ ने आणि एक साध्या र ला मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून, स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब तेच, पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात. एका ऑपरेटरने सकाळी भरलेलं कऱ्हाड दुसऱ्याला दुपारी सर्चमध्ये मिळत नाही, आणि दोघं एकमेकांवर ढकलतात. कीबोर्ड सगळ्यांनी एकच वापरायचा, हा नियम कामाच्या पहिल्या दिवशी करायचा.

एक्सेलवरही भागतं की, असं वाटतं ना? पेठेतल्या एका संस्थेत (नाव नको) मी काही महिने नोंदीचं काम केलंय, तिथे चार हजार ओळींची शीट होती. कुणीतरी शीर्षकाचा एकच कॉलम सिलेक्ट करून अकारविल्हे लावला, बाकीचे कॉलम जागच्या जागी राहिले, आणि सेव्ह करून चहाला गेला. आठ दिवसांनी कळलं, कारण सनदेच्या नंबरवर फोटो निघाला. बॅकअप होता पेनड्राइव्हवर, सहा महिने जुना. मधली भर पुन्हा कागद काढकाढून भरली, दोन जणांचा अख्खा पावसाळा त्यात गेला. डेटाबेसमध्ये नोंद ही एकसंध असते, कुणी कधी काय बदललं त्याचा इतिहास राहतो, एवढ्यासाठी तरी एक्सेल सोडावं.

क्रमांकाची पद्धत बहुतेक ठिकाणी तीन तुकड्यांची: २०१९.७.४२ म्हणजे २०१९ साली आलेल्या सातव्या देणगीतला बेचाळिसावा नग. क्रमांकात अर्थ भरायला जाऊ नये, म्हणजे 'प' म्हणजे पत्र, 'न' म्हणजे नकाशा असलं, कारण उद्या पत्राच्या मागे नकाशा निघतो. कागदावर क्रमांक मऊ शिसपेन्सिलीने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. पेन नाही, स्टिकर नाही, सेलोटेप तर अजिबात नाही.

स्कॅनिंगबद्दल लोक उगाच जास्त बोलतात. मूळ प्रत टिफ या मोठ्या, दर्जा न घटवणाऱ्या फाईलमध्ये, ३०० किंवा ४०० डीपीआय (म्हणजे इंचाला तेवढे ठिपके), वेबसाठी त्यातून छोटी जेपेग, तीन प्रती आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, झालं. १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांचं काय केलं ते माहीत असलेल्या गावाला दुसऱ्या इमारतीचं महत्त्व समजावून सांगायला नको. फक्त फाईलचं नाव हे क्रमांकावरून ठेवायचं, 'स्कॅन००१ नवीन फायनल' असं नाही.

कायदा थोडक्यात: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरायला वस्तूला १०० वर्षं लागतात, पण ऐतिहासिक, वाङ्मयीन वगैरे मोल असलेल्या हस्तलिखिताला किंवा दस्तऐवजाला ७५ च पुरतात. त्यामुळे कागद कधीचा आहे आणि आपल्याकडे कसा आला हे दोन रकाने रिकामे ठेवणं परवडत नाही. देणाऱ्याचं पत्र, खरेदीची पावती, जुनी लेबलं हेही दप्तरच, ते त्या त्या वस्तूच्या नोंदीला जोडलेलं असावं, ऑफिसच्या फायलीत नाही.

ब्रिटनचं स्पेक्ट्रम हे मानक १९९४ पासून आहे, त्यात संग्रहालयाच्या २१ कामांच्या पद्धती दिल्यात आणि माझ्या मते त्यातली सगळ्यात मोलाची म्हणजे जागा आणि हालचालीची. रुमाल कपाटातून वाचायला काढला, फोटोला नेला, वाळवी दिसली म्हणून वेगळा ठेवला, दर वेळी नोंद. जागेचा पत्ताही खोली-कपाट-खण-पेटी असा ठरलेला, 'खिडकीजवळचं लोखंडी कपाट' असा नाही, कारण कपाटं हलतात. आणि वर्षातून एकदा तरी पडताळणी: यादीतून कुठलेही दहा क्रमांक घेऊन कपाटात जायचं, मग कपाटातून कुठलेही दहा नग काढून यादीत शोधायचे. पहिल्यात वस्तू हरवल्याचं कळतं, दुसऱ्यात नोंदच झाली नसल्याचं. मी केलेल्या पहिल्या पडताळणीत यादीतले नऊ सापडले होते. कपाटातले मात्र सहाच.