१७० माणसांचं इंजिन

इ.स.पू. ४२७च्या उन्हाळ्यात अथेन्सच्या पायरियस बंदरातून एक युद्धनौका लेस्बॉस बेटाकडे निघाली. तिच्या आधी जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र दुसरी नौका त्याच वाटेने गेली होती. त्या पहिल्या नौकेवर हुकूम होता: बंड केलेल्या मिटिलिनी शहरातले सगळे प्रौढ पुरुष मारून टाका, बायकामुलांना गुलाम करा. अथेन्सच्या नागरिकसभेने रागाच्या भरात तसा ठराव केला होता. एका रात्रीत लोकांचं मन त्यांनाच खायला लागलं. सभा पुन्हा भरली. क्लिऑन म्हणाला, ठराव बदलू नका. डायोडोटस म्हणाला, कत्तलीने अथेन्सचंच नुकसान होईल. हात वर करून कौल घेतला, तेव्हा डायोडोटसची बाजू अगदी थोडक्यात जिंकली. हुकूम रद्द झाला, पण तोवर तो समुद्रावर बराच पुढे गेला होता.

म्हणून ही दुसरी नौका. समोर सुमारे ३४० किलोमीटरचा समुद्र. एरवी अशा नौका जेवणासाठी आणि झोपेसाठी किनाऱ्याला लागत. ही लागली नाही. माणसं वल्हं मारता मारताच जेवली. वाइन आणि ऑलिव्हच्या तेलात मळलेलं जवाचं पीठ, एवढंच जेवण. झोपली तीही आळीपाळीने. सुदैवाने वारा आडवा आला नाही. पहिल्या नौकेवरच्या लोकांना अशा कामगिरीवर जायची घाई नव्हती, ते रमतगमत गेले होते. इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो की सेनापती पेकीसने पहिला हुकूम वाचला होता आणि तो अमलात आणायच्या बेतात असतानाच दुसरी नौका पोचली. बंडाचे सूत्रधार म्हणून धरलेल्या हजाराहून अधिक लोकांना पुढे मारण्यात आलंच, पण शहर वाचलं.

ही गोष्ट बहुतेक वेळा लोकशाहीतल्या वादविवादाचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यात ते पीठ सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अथेन्सची सत्ता ज्या यंत्रावर उभी होती, त्याचं ते इंधन होतं.

या नौकेला ग्रीक लोक त्रिएरेस म्हणत. ट्रायरीम हे आज रूढ असलेलं नाव लॅटिनमधून आलं. ग्रीक नाव आपल्याला तसं परकं नाही. त्यातला ‘त्रि’ आपलाच आहे, आणि ज्या मुळातून त्याचा पुढचा भाग आला त्याच मुळातून संस्कृतमध्ये वल्ह्याला ‘अरित्र’ हा शब्द आला. ऋग्वेदात अश्विनीकुमार भुज्यूला समुद्रातून सोडवून आणतात ती नाव ‘शतारित्रा’ आहे, शंभर वल्ह्यांची. ग्रीक त्रिएरेसला वल्ही १७० असत, आणि प्रत्येक वल्ह्यामागे एक माणूस.

नौकेची लांबी साधारण ३७ मीटर, रुंदी साडेपाच मीटरच्या आसपास. एवढ्या निमुळत्या जागेत १७० माणसं बसवायची तर एकच उपाय होता, एकावर एक तीन रांगा. सगळ्यात वरच्या रांगेत ६२, मधल्या रांगेत ५४, तळाला ५४. तळातल्या माणसाचं वल्हं ज्या भोकातून बाहेर जाई ते पाण्यापासून जेमतेम अर्धा मीटर उंच. लाट आत येऊ नये म्हणून त्या भोकाला चामड्याची बाही शिवलेली असे. तळात अंधार, आणि वरच्या दोघांचा घाम थेट डोक्यावर. वरच्या रांगेतल्या माणसाला आपलं वल्हं पाण्यात शिरताना दिसे, खालच्या दोघांना दिसत नसे. त्यांनी वरच्याच्या हालचालीशी आपली हालचाल जुळवायची. एकाचा ताल चुकला की त्याचं वल्हं शेजाऱ्याच्या वल्ह्यावर आपटणार. म्हणून प्रत्येक नौकेवर एक वाजवणारा असे. त्याचं वाद्य, ऑलोस, आपल्या सनईसारखं पत्तीवर वाजणारं, फक्त जोडनळ्यांचं. त्याच्या सुरावर १७० पाठी एकदम मागे जात.

हे सगळं कशासाठी, तर नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाला, पाण्याच्या पातळीला बसवलेल्या काशाच्या धडकमुखासाठी. तोफा अजून दोन हजार वर्षं दूर होत्या. खुद्द नौका हाच गोळा होता. माणसांसकट सुमारे ४५ टनांची नौका ताशी ९ सागरी मैलांनी धडकली, तर त्या धडकेत १० टनी ट्रक ताशी ३५ किलोमीटरने आदळावा इतकी ऊर्जा असते. त्या काळी नौकेच्या फळ्या एकमेकींना जोडताना त्यांच्या कडांना खाचा पाडून आत लाकडी जिभा बसवत आणि वरून खुंट्या ठोकत. धडक बसली की हे सांधे उकलत आणि पाणी आत शिरे. पण धडक देणाऱ्यालाही सुटका नव्हती. जोर कमी पडला तर फळी फुटत नाही, जास्त झाला तर आपलं मुख शत्रूच्या कुशीत अडकतं आणि त्याचे सैनिक आपल्यावर उड्या टाकतात. त्यामुळे धडकेच्या क्षणी १७० जणांनी एकदम उलटी वल्ही मारायला सुरुवात करायची. हे वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम होतं.

फुटलेली त्रिएरेस सहसा बुडत नसे. तिच्यात वजनासाठी दगड भरलेले नसत. पाणी भरलं तरी लाकूड तरंगत राही आणि जिंकणारे ती ओढून नेत. म्हणून समुद्राच्या तळाशी आजवर एकही त्रिएरेस सापडलेली नाही. सापडतात ती धडकमुखं. १९८०मध्ये इस्रायलच्या अथलीत गावाजवळ सापडलेलं, याहून मोठ्या जातीच्या नौकेचं मुख ४६५ किलो वजनाचं आहे. मग नौकेची रचना कळली कशी? थोडी दगडावरच्या हिशेबांतून. पायरियसमध्ये १८३४ साली सापडलेल्या शिलालेखांत नौदलाच्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक नौकेचं नाव आणि तिची वल्ही नोंदवली आहेत, अगदी खराब झालेल्या वल्ह्यांसकट. सुटी वल्ही ३०, म्हणजे एकूण २००. थोडी १८५२मध्ये अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीवर मिळालेल्या शिल्पपटातून, ज्यात वल्हवणाऱ्यांची एक रांग कोरलेली आहे. आणि नौकेचा आकार, ती ठेवण्याच्या १८८५मध्ये खणून काढलेल्या दगडी शेडच्या मापांतून.

एवढ्या पुराव्यावर विद्वानांची भांडणं शंभर वर्षं चालली. तीन रांगांची नौका चालूच शकत नाही असंही काहींचं मत होतं. शेवटी अभिजात भाषांचे अभ्यासक जॉन मॉरिसन आणि नौका-अभियंता जॉन कोट्स यांनी सांगितलं, बांधून पाहू. १९८७मध्ये ग्रीक नौदलाची ‘ऑलिंपियास’ पाण्यात उतरली आणि पुढची काही वर्षं उन्हाळ्यांत देशोदेशीचे स्वयंसेवक तिच्यात बसून घाम गाळत राहिले. पुरातत्त्वातल्या प्रयोगांपैकी मला हा सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण त्यात चूक लपवायला जागा नव्हती. नौका ९ सागरी मैलांच्या वेगाला टेकली, एका मिनिटाच्या आसपास पूर्ण उलट फिरली. तीन रांगांचा वाद संपला.

पण लांब पल्ल्याला ती जुन्या वर्णनांइतकी पळेना. ग्रीक लेखक झेनोफन सांगतो की बायझँटियम ते हेराक्लिया हे अंतर, सुमारे २४० किलोमीटर, त्रिएरेस एका लांब दिवसात वल्हवत कापते. ऑलिंपियासला ते जमण्यासारखं नव्हतं. एक कारण फार साधं निघालं. दोन वल्हेकऱ्यांमधलं अंतर दोन हात असतं असा जुना दाखला होता. बांधणाऱ्यांनी ग्रीक ‘हात’ ४४ सेंटिमीटरचा धरला. नंतर सॅलॅमिस बेटावर सापडलेल्या मापांच्या शिल्पपटावरून तो ४९ सेंटिमीटरच्या जवळपास असावा असं दिसलं. प्रत्येक माणसाला सुमारे १० सेंटिमीटर जागा कमी पडली होती. पाठ पुरती मागे झुकत नव्हती, पाय पुरते ताणले जात नव्हते. १७० माणसांच्या पाठी १० सेंटिमीटर आखडल्या की नौकेचा पल्ला जातो. दुसरी गोष्ट पाण्याची. भूमध्य समुद्रावरच्या उन्हात एका वल्हेकऱ्याला तासाला साधारण १ लिटर पाणी लागलं. दहा तासांचं पाणीच १७०० लिटर झालं. नौकेत ते ठेवायला जागा कुठे आहे?

आता या १७० जणांकडे बघू. साखळदंडांत बांधलेले गुलाम आणि चाबूक घेतलेला मुकादम हे पडद्यावरून आपल्या मनात बसलेलं चित्र बऱ्याच नंतरच्या काळातलं आहे. अथेन्सच्या नौकांवर गुलामही काही प्रमाणात होते, पण मोठा भाग पगारी स्वतंत्र माणसांचा. त्यांत शहरात राहणारे परदेशी होते, बाहेरगावचे भाडोत्री होते, आणि अथेन्सचे ‘थीट’ होते, म्हणजे ज्यांच्याकडे चिलखत विकत घेण्याइतकीही मालमत्ता नाही असे सगळ्यात खालच्या वर्गाचे नागरिक. इ.स.पू. ४१५मध्ये सिसिलीच्या स्वारीवर त्यांना दिवसाला १ द्राख्मा, म्हणजे चांदीचं एक नाणं, मिळत होता आणि वरच्या रांगेला नौकेचे श्रीमंत प्रमुख पदरचे पैसे जास्त देत होते. थ्युसिडिडीस एका रात्रीच्या मोहिमेबद्दल लिहितो: अथेन्सचा शत्रू असलेल्या स्पार्टाच्या बाजूच्या खलाशांनी आपापलं वल्हं, बसायची गादी आणि वल्हं बांधायचा चामडी पट्टा उचलला आणि ते पायी दुसऱ्या समुद्राकडे निघाले. सैनिकाची ढाल असते, तशी यांची ही तीन हत्यारं.

जमिनीवरच्या लढाईत थीटांना मान नव्हता, कारण तिथे चिलखतवाले शेतकरी लढत. हे बदललं ते चांदीमुळे. इ.स.पू. ४८३च्या सुमारास अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींत चांदीची मोठी शीर लागली. प्रत्येक नागरिकाला १० द्राख्मा वाटून टाकायचे असा विचार चालला होता. थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याने लोकांना पटवलं की वाटू नका, नौका बांधा. तीन वर्षांनी, ४८०मध्ये, इराणी बादशहा झर्क्सिसचं आरमार सॅलॅमिसच्या चिंचोळ्या खाडीत अडकून फुटलं, तेव्हा शहर रिकामं होतं, अॅक्रोपोलिस जळालेला होता, आणि अथेन्स म्हणजे त्या नौकांवर बसलेली माणसं एवढंच उरलं होतं. ज्यांच्या पाठींनी शहर वाचवलं त्यांना सभेत गप्प बसवणं मग कोणालाच सोपं गेलं नाही. लोकशाहीवर नाराज असलेल्या एका अथेनियन लेखकानेही कबूल केलंय की नौका चालवणारे हे गरीबच शहराला बळ देतात, त्यामुळे त्यांना जास्त वाटा मिळतो हे रास्तच आहे.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. ती चांदी खणणारे गुलाम होते, अरुंद बोगद्यांत सरपटत, दिव्याच्या उजेडात. त्यांच्या पाठींची नोंद कुठल्याही सभेने घेतली नाही.

सराव काय करू शकतो ते इ.स.पू. ४२९मध्ये पत्रासच्या आखातात दिसलं. अथेन्सचा सेनापती फॉर्मिओकडे २० नौका, समोर स्पार्टाच्या बाजूच्या ४७. समोरच्यांनी नाळा बाहेर करून गोल रिंगण केलं. फॉर्मिओने हल्ला केला नाही. तो त्यांच्याभोवती अगदी चाटून फिरत राहिला आणि रिंगण आवळत गेला. त्याला ठाऊक होतं की पहाटे आखातातून वारा सुटतो. वारा सुटला, आवळलेल्या रिंगणातल्या नौका एकमेकींवर आदळल्या, माणसं लांब दांड्यांनी नौका दूर ढकलू लागली, आरडाओरड्यात आज्ञा ऐकू येईनात. लाटांत वल्हं उचलायचा सराव नसलेल्यांना नौका वळवता येईना. त्या क्षणी फॉर्मिओने इशारा दिला. त्याने १२ नौका धरल्या. कोकणात मतलई आणि खाऱ्या वाऱ्याच्या वेळा पाहून होडी काढणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

पण या यंत्राची कमजोरी पिठातच होती. नौकेत अन्न साठवायला जागा नाही, झोपायला जागा नाही. दर संध्याकाळी किनारा हवा, किनाऱ्यावर बाजार हवा. इ.स.पू. ४०५मध्ये अथेन्सच्या १८० नौका हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीत इगॉस्पोटॅमी नावाच्या उघड्या किनाऱ्यावर लागल्या होत्या. समोरच्या काठावर लॅम्प्सॅकसचं भरलेलं शहर हाती ठेवून स्पार्टाचा सेनापती लायसँडर बसला होता. त्याच्या माणसांना जेवण जागेवर मिळत होतं. अथेन्सवाल्यांना ते सेस्टॉसहून आणावं लागे. चार दिवस ते रोज सकाळी लढाई मागायला गेले, लायसँडर बाहेर आला नाही, ते परतले आणि जेवणासाठी पांगले. जवळच राहणाऱ्या अॅल्सिबायडीसने, अथेन्सच्याच एका माजी सेनापतीने, येऊन सांगितलं की सेस्टॉसला हला, तिथे बंदर आहे. सेनापतींनी त्याला हाकलून लावलं.

पाचव्या दिवशी माणसं पांगलेली पाहून लायसँडरच्या टेहळणी नौकेने भर समुद्रात ढाल उंच धरली. स्पार्टाचं सगळं आरमार एकदम सुटलं. झेनोफन लिहितो की अथेन्सच्या काही नौकांवर दोनच रांगा भरलेल्या होत्या, काहींवर एक, काही पूर्ण रिकाम्या. कॉनन हा सेनापती ८ नौका घेऊन निसटला. बाकीच्या बहुतेक सगळ्या वाळूवर जशा होत्या तशाच हाती लागल्या.

बातमी घेऊन ‘पॅरालस’ ही नौका रात्री पायरियसला पोचली. आकांत बंदरातून उठला आणि बंदर व शहर जोडणाऱ्या लांब भिंतींच्या कडेकडेने, एकाकडून दुसऱ्याकडे, वर शहरापर्यंत गेला. त्या रात्री अथेन्समध्ये कोणी झोपलं नाही. लोक गेलेल्यांसाठी रडत होते, आणि आपण हरलेल्या शहरांशी जे वागलो तेच आता आपल्या वाट्याला येणार, या भीतीने जागे होते.