कुत्र्यांच्या खाजेवरील पूरके

कुत्र्यांच्या खाजेवरील पूरके : त्वचेची खाज कमी व्हावी म्हणून रोजच्या खाण्याबरोबर कुत्र्याला पोटातून दिली जाणारी तेले, जीवनसत्त्वे, खनिजे, प्रोबायोटिके (उपयुक्त जिवंत जिवाणू) व वनस्पतिजन्य पदार्थ. औषधाला विक्रीआधी परिणाम सिद्ध करावा लागतो; पूरकाला बहुतेक ठिकाणी तशी सक्ती नसते. म्हणून डब्यावर ‘निरोगी त्वचा, चमकदार केस’ असे छापलेले असले तरी आत नेमके काय आणि किती आहे, हे पाहिल्याशिवाय त्या ओळीला अर्थ नाही. या गर्दीत कुत्र्यांवरच केलेल्या नियंत्रित चाचण्यांचा बऱ्यापैकी आधार आहे तो ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा-३ मेदाम्लांना. तोही मर्यादित आहे. बाकीच्यांचा पुरावा तुटपुंजा आहे, उलटसुलट आहे किंवा मुळीच नाही.

पूरकाआधी : खाज हे लक्षण आहे, रोग नव्हे. पिसवा, खरजेचे किडे, जिवाणू किंवा यीस्टचा संसर्ग, अन्नाची ऍलर्जी आणि ॲटॉपिक डर्मटायटिस (परागकण, धुळीतले किडे अशा गोष्टींना येणारी जन्मजात कलाची ऍलर्जी) ही नेहमीची कारणे. यांपैकी पहिल्या तिघांवर कोणतेही पूरक चालत नाही. पिसवांची ऍलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात. शेपटीच्या बुडाशी आणि मांड्यांच्या मागे तो केस उपटेपर्यंत कुरतडतो, आणि अंगावर पिसू मात्र दिसत नाही. बारीक दातांच्या फणीने तिथले केस विंचरून निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावी. कणीभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. डाग पडला नाही तर ती साधी माती.

पंजे चाटून तांबूस झालेले, कानात वारंवार मळ, काखेत व पोटाखाली लाली, आणि हे सगळे सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू झालेले असेल तर ॲटॉपिक डर्मटायटिसचा संशय बळावतो. त्यातही अंगाला आंबूस वास, तेलकट थर, पुळ्या किंवा खपल्या असतील तर वर संसर्ग बसलेला असतो. तो आधी काढावा लागतो. संसर्ग तसाच ठेवून तीन महिने मासळीचे तेल पाजणे हा या विषयातला सर्वांत महागडा वेळकाढूपणा आहे.

ओमेगा-३ काय करते : पेशींच्या पडद्यात ॲरॅकिडोनिक आम्ल असते. दाह सुरू झाला की त्यापासून खाज आणि सूज वाढवणारी रसायने बनतात. खाण्यात ईपीए पुरेसे आले की ते हळूहळू त्या आम्लाची जागा घेते, आणि त्यापासून बनणारी रसायने सौम्य असतात. ‘हळूहळू’ हा शब्द इथे महत्त्वाचा. पडद्यांतली ही अदलाबदल आठवड्यांच्या हिशेबाने चालते, म्हणून ८ ते १२ आठवड्यांआधी निकाल लावता येत नाही, आणि अचानक उसळलेल्या खाजेवर या तेलाचा उपयोग नाही.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका दुहेरी-अंध चाचणीत (कोणाला काय मिळते हे मालकाला आणि तपासणाऱ्याला माहीत नसलेल्या) ॲटॉपिक डर्मटायटिसचे ६० कुत्रे १२ आठवडे पाहिले गेले. सर्वांना गरजेप्रमाणे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळत होते. काहींना जोडीला मेदाम्ले, काहींना प्लासिबो (औषधी गुण नसलेला दिखाऊ पदार्थ). मेदाम्लांच्या गटाला स्टेरॉइड कमी लागले, पण हा फरक उघड झाला तो शेवटच्या काही आठवड्यांत. या पूरकाकडून काय अपेक्षा ठेवावी ते यातून नीट कळते : खाज घालवणे नव्हे, तर औषधाची मात्रा खाली आणणे. प्राण्यांच्या ॲलर्जीविषयीच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही मेदाम्लांना दीर्घकालीन उपचारातला जोडीदार मानतात. एकट्याने ती पुरतील असे त्या म्हणत नाहीत.

केसांना चमक मात्र लवकर येते. ती पाहून खाजही कमी झाली असे मालकाला वाटू लागते. चमक आणि खाज या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात.

मात्रा आणि लेबल : त्वचेच्या ऍलर्जीसाठी वापरले जाणारे प्रमाण असे : १२५ मिलिग्रॅम गुणिले शरीरवजनाचा (किलोत) ०.७५ वा घात. हा घात साध्या कॅल्क्युलेटरवर निघतो. वजनाचा घन करायचा आणि वर्गमुळाचे बटण दोनदा दाबायचे. १० किलोसाठी १०००, मग ३१.६, मग ५.६, त्याला १२५ ने गुणले की सुमारे ७०० मिलिग्रॅम. याच रीतीने ५ किलोच्या कुत्र्याला सुमारे ४२०, २० किलोला सुमारे ११८०, ३० किलोला सुमारे १६०० मिलिग्रॅम येतात. हा आकडा रोजच्या ईपीए आणि डीएचए यांच्या बेरजेचा आहे, तेलाचा नव्हे, आणि नेमकी फसगत इथेच होते. ‘१००० मिलिग्रॅम फिश ऑइल’ असे समोर ठळक छापलेल्या साध्या कॅप्सूलच्या मागच्या बाजूला बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२० असते. म्हणजे उपयोगाचे ३०० मिलिग्रॅम, बाकीचे इतर मेद. २० किलोच्या कुत्र्याला अशा चार कॅप्सूल लागतात. एक देऊन ‘फरक पडला नाही’ म्हणणाऱ्याने पूरक दिलेलेच नसते.

चघळायच्या मऊ गोळ्यांची गत याहून वाईट. एका गोळीत ६० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए असेल, तर त्याच कुत्र्याला दिवसाला वीस गोळ्या खायला घालाव्या लागतील. ज्या लेबलवर नुसते ‘ओमेगा ३-६-९’ किंवा ‘विशेष मिश्रण’ लिहून एकच बेरीज दिलेली असते आणि ईपीए-डीएचएचे आकडे वेगळे नसतात, तो डबा परत ठेवावा. ओमेगा-९ कुत्र्याच्या शरीरात बनते, ते विकत घ्यायचे कारण नाही. आकडा एका गोळीचा आहे की ‘एका वेळच्या मात्रेचा’, म्हणजे दोन-तीन गोळ्यांचा, हेही पाहावे. त्वचेसाठीच्या तयार खाद्यात ओमेगा-३ आधीच घातलेले असेल तर तेवढे वजा करावे.

वरची मर्यादाही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ साली ती याच सूत्रात १२५ च्या जागी ३७० मिलिग्रॅम धरली. २० किलोच्या कुत्र्याला सुमारे ३५०० मिलिग्रॅम. तिच्या बऱ्याच आधी पोट बिघडू लागते. म्हणून पहिल्या आठवड्यात पाव मात्रा, दुसऱ्यात अर्धी, असे चढत चौथ्या आठवड्यात पूर्ण मात्रेवर यावे, आणि तेल नेहमी जेवणात मिसळूनच द्यावे. शी पातळ झाली तर एक पायरी खाली उतरावे. एक ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात. लठ्ठ कुत्र्याच्या खाण्यातून तेवढ्या कमी कराव्यात. पूर्वी स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेल्या कुत्र्याला पशुवैद्याला विचारल्याशिवाय तेल देऊच नये. जास्त मात्रेत रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून शस्त्रक्रिया ठरली असेल तर तेल चालू असल्याचे आधी सांगावे.

तेल कुठले : लहान माशांचे तेल किंवा शेवाळाचे तेल. शेवाळाच्या तेलात डीएचए जास्त आणि ईपीए बहुधा कमी असते, पण मासळीची ऍलर्जी असलेल्या कुत्र्याला ते सोयीचे. कॉड लिव्हर ऑइल हे या कामाचे तेल नाही. त्यातून पुरेसे ओमेगा-३ द्यायला गेले तर जीवनसत्त्व अ आणि ड प्रमाणाबाहेर जातात. जवसाच्या तेलातले ओमेगा-३ वेगळ्या रूपात असते आणि कुत्र्याचे शरीर त्यातला थोडाच भाग ईपीएत बदलते. कोरड्या, कोंडा सुटलेल्या त्वचेला त्यातले मेद उपयोगी पडू शकते, पण खाजेच्या हिशेबात ते धरू नये. खोबरेल तेल लोकप्रिय आहे. त्यात ईपीए नाही, डीएचए नाही, कॅलरी भरपूर.

मासळीचे तेल हवा, उजेड आणि उष्णतेने खवट होते, आणि खवट तेल निरुपयोगीच नव्हे तर दाहाला हातभार लावणारे. दर नव्या डब्यातली एक कॅप्सूल टोचून वास घ्यावा. मासळीचा हलका वास ठीक; जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र दर्प आला तर डबा फेकावा. स्वाद घातलेल्या तेलात ही परीक्षा फसते. बाटली गडद काचेची, लहान, फ्रिजमध्ये ठेवलेली आणि दोनेक महिन्यांत संपणारी असावी. मोठी बाटली स्वस्त पडते खरी, पण लहान कुत्र्याच्या घरात तिचा शेवटचा तिसरा भाग बहुधा खवटच पाजला जातो.

इतर पूरके : जीवनसत्त्व ई बद्दल २०१४ ची एक छोटी चाचणी आहे, दर किलोला ८.१ आंतरराष्ट्रीय एकके (आययू) रोज, ८ आठवडे, आणि त्वचेचे गुणांकन सुधारले. शिवाय मासळीच्या तेलामुळे शरीराची ई ची गरज वाढते, म्हणून बऱ्याच तेलांत ते घातलेलेच असते. वेगळी गोळी घेण्याआधी लेबल पाहावे.

प्रोबायोटिकांत प्रजातीपुढचे वाणाचे नाव महत्त्वाचे. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी (यातले ‘जीजी’ हे वाणाचे नाव) पिल्लांना दिल्यावर ऍलर्जीच्या काही रक्तचाचण्या सुधारल्या, पण दिसणारी लक्षणे तेवढी कमी झाली नाहीत. लॅक्टोबॅसिलसच्याच साकेई प्रजातीच्या एका वाणाने दोन महिन्यांत थोडा फायदा दाखवला. त्यावरून नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेल्या कुठल्याही पुडीला तोच गुण चिकटवता येत नाही. वाण आणि मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जिवाणूंची संख्या छापलेली नसेल तर त्या पुडीची निवड करायला आधारच उरत नाही.

पामिटॉइलइथेनॉलअमाइड, थोडक्यात पीईए, हे शरीरात बनणारे एक मेदजन्य रसायन; त्याची अतिसूक्ष्म केलेली भुकटी १६० कुत्र्यांना ८ आठवडे देऊन खाज कमी झाल्याचे २०१५ साली नोंदले गेले. तिथे तुलनेला प्लासिबोचा गट नव्हता, त्यामुळे आशादायक एवढेच म्हणता येते. भांगेतल्या सीबीडीच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत खाज कमी झाली तरी त्वचेवरच्या खुणा तशाच राहिल्या. रक्तात यकृताचे एक विकर (एन्झाइम) वाढणे हा नेहमीचा आढळ आहे आणि निकृष्ट मालातले टीएचसी (भांगेतले नशा आणणारे द्रव्य) कुत्र्याला विषारी आहे.

जस्त देण्याचे खरे ठिकाण एकच : सायबेरियन हस्की, मॅलम्यूट यांसारख्या जातींत डोळ्यांभोवती व तोंडाशी खपल्या धरणारा जस्ताभावी त्वचारोग. तिथे दर किलोला २ ते ३ मिलिग्रॅम जस्त (क्षाराचे वजन नव्हे, त्यातले नुसते जस्त) पशुवैद्याच्या देखरेखीखाली देतात. उगाच दिलेले जस्त उलट्या करवते आणि फार झाले तर तांबड्या पेशी फोडते. जीवनसत्त्व ड च्या मोठ्या मात्रांनी खाज कमी झाल्याचे दिसले आहे, पण त्यासाठी रक्तातल्या कॅल्शियमवर सतत नजर लागते. घरी करायचा हा प्रयोग नव्हे. २०१८-१९ मध्ये अमेरिकेत याच जीवनसत्त्वाचे प्रमाण चुकल्याने कुत्र्यांची अनेक खाद्ये बाजारातून परत घ्यावी लागली. बायोटिन (एक ब जीवनसत्त्व), हळद, क्वेर्सेटिन (एक वनस्पतिजन्य रसायन), सफरचंदाचे व्हिनेगर यांच्यामागे खाजणाऱ्या कुत्र्यांवरच्या भरवशाच्या चाचण्या नाहीत. लसूण तर कुत्र्याला अपायकारकच. माणसांसाठीच्या चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी घातलेला गोड पदार्थ) असू शकते. दर किलोला ०.१ ग्रॅम पोटात गेले तरी रक्तातली साखर धोकादायक खाली येते.

परिणाम कसा मोजावा : मालक पूरक आणतो तो खाज शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेली खाज काही न करताही थोडी उतरते. परागकणांचा हंगाम संपला तरी उतरते. हे दोन्ही श्रेय पूरकाला जाते. त्यावर उपाय म्हणजे ० ते १० ची खाजपट्टी : ० म्हणजे खाज नाही, १० म्हणजे खाणे-झोपणे सोडून अखंड खाजवणे, निरोगी कुत्रा २ च्या खाली असतो. पूरक सुरू करण्याआधी दोन आठवडे आणि मग १२ आठवडे, ठरल्या वारी, ठरल्या वेळी, मागचे आकडे न पाहता गुण लिहावेत. त्याच उजेडात पंजांचे आणि पोटाचे फोटो काढावेत. या काळात शांपू, खाद्य आणि दुसरे पूरक बदलू नये. चालू औषध आपल्या मनाने कमी करू नये, पण त्याची मात्रा रोज लिहावी, कारण गुण तेच राहून औषध कमी लागणे हाही परिणामच आहे. बारा आठवड्यांत गुण आणि औषध दोन्ही जागच्या जागी असतील तर पूरक बंद करावे. सुधारणा शंकास्पद वाटली तर थांबवून पाहावे. मात्र ओमेगा-३ शरीरातून उतरायलाही काही आठवडे घेते, म्हणून चार दिवसांत खाज परतली नाही याचा अर्थ काहीच होत नाही.

अन्नाची ऍलर्जी शोधण्यासाठी ठरावीक आहाराची चाचणी चालू असेल, साधारण ८ आठवडे, तेव्हा नवे पूरक सुरूच करू नये. आधीपासून चालू असलेल्याचे कवचही तपासावे. कॅप्सूलचे जिलेटिन बैल किंवा डुकराचे असते, चघळायच्या गोळीतला स्वाद कोंबडीचा किंवा यकृताचा असतो, आणि कुत्र्याची ऍलर्जी नेमकी त्याचीच असली तर आठ आठवड्यांची मेहनत एका गोळीने वाया जाते. तेल चालू ठेवायचेच असेल तर ते बाटलीतले, बिनस्वादाचे आणि पशुवैद्याने मान्य केलेले असावे.